काचेच्या आतला हात

माझ्या पोटातली हवा काढून घेतली की माझे काम सुरू होते, मित्रांनो. मी एक जुना काचेचा घुमट आहे. कारंजा लाडच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत राहतो. युनूस सरांनी मला एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणले. भोवती कापूस गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन.

हवा उपसली, थोडी रसायनाची वाफ सोडली आणि वीज दिली, की माझ्यात जांभळा उजेड उभा राहतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्या उजेडात वाफ तुटते, पुन्हा जुळते आणि आत ठेवलेल्या वस्तूवर प्लास्टिकचा थर होऊन बसते. थर इतका पातळ, की डोळ्यांना दिसू नये. सरांनी असे सुती कापड केले होते, त्यावरून पाणी नुसते घरंगळून जाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मीही सुखावलो.

सरांच्या मनात मात्र दुसरेच होते. त्यांच्या मुलीला, मंतशाला, कानात मशीन घातल्याशिवाय ऐकू येत नसे. उन्हाळ्यात घाम शिरून ते सारखे बंद पडे. त्या मशीनवर थर चढवायचा त्यांचा बेत होता.

एके दुपारी माझी आतली बाजू तपासताना सरांच्या छातीत कळ आली. त्यांचा हातमोजा नसलेला हात माझ्या आतल्या भिंतीवर दाबला गेला. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

वर्षभर मी धुळीत पडून होतो. मग त्यांची विद्यार्थिनी योगिनी आली. तिने मला बाहेरून पुसले आणि काम सुरू केले. माझ्या भिंतीवरही थरावर थर चढत गेले. पण एका जागी ते धरेनात. तिथले पापुद्रे सुटून खालच्या नमुन्यांवर पडू लागले. योगिनीने वाकून पाहिले. पाच बोटे! बोटांच्या तेलकटपणाने तेवढीच जागा थराला झिडकारत होती. उजेड चढला की तो हात स्पष्ट होई, जणू कोणी आतून काच ढकलते आहे. शिपाई गुलाबसिंगने खोलीत येणेच सोडले.

"सर अजून गेले नाहीत, मॅडम," तो दारातूनच म्हणे.

योगिनीला ते पुसवेना. तिने सरांच्या पत्नीला, हुस्नाबानोंना, बोलावून घेतले.

"चाची, हे पुसल्याशिवाय मंतशाचं मशीन होत नाही. पण माहा हातच उचलत नाही."

हुस्नाबानोंनी बाहेरून त्या बोटांवर आपली बोटे टेकवली. मग अख्खा तळवा टेकवला. त्यांचा तळवा गरम होता. ती ऊब माझ्या काचेत शिरली, पण पलीकडून कोणी ती घेतली नाही.

"आन इकडे बोळा," त्या म्हणाल्या. "पोरीसाठीच राबत होते ते. आता त्यायचाच हात तिले आडवा येऊन राह्यला."

स्पिरिटच्या बोळ्याने त्यांनी आतून एकेक बोट पुसले. अंगठा शेवटी.

मग मंतशाच्या मशीनवर थर नीट बसला. मे महिन्यात मंतशा कामरगावच्या बाजारात दिवसभर फिरली, घामाने चिंब झाली. मशीन चालू राहिले. योगिनी हे गुलाबसिंगला सांगत होती, तेव्हा तो आत येऊन उभा होता.

अजूनही उजेड चढला की माझे लक्ष त्या जागेकडे जाते. तिथे नुसती काच आहे. मित्रांनो, माझ्यात हात घालाल तेव्हा हातमोजे घाला. आणखी कोणाला माझ्यावरून आपल्या माणसाचा हात पुसावा लागू नये.