झायलीनचा वास

“पाणी चांगलं कढत होतं ना?” सूक्ष्मदर्शकावरून डोळे वर करत डॉक्टर इरांनी विचारलं.

“हो, मॅडम,” भाग्यश्री म्हणाली. ते धादांत खोटं होतं.

नाशिकच्या त्या प्रयोगशाळेत गाठींचे तुकडे तपासायला येत. तुकडा मेणात घट्ट बसवून पातळ कापायचा; मग काचपट्टीवरच्या तुकड्याचं मेण आजवर झायलीनने विरघळवलं जाई. मोठं जहाल रसायन. वापरून झाल्यावर ओतायचं कुठे, ही पंचाईत वेगळीच. म्हणून इराबाईंनी भांड्यांच्या साबणाचं कढत पाणी वापरायचं ठरवलं. भाग्यश्रीने ते मुद्दाम निवू दिलं. मेण निघालंच नाही आणि काचेवर सगळं धुरकट दिसू लागलं.

“जमत नाही म्हणायचं. झायलीनच बरं,” इरा म्हणाल्या. “तुमची डोकेदुखी तरी थांबेल असं वाटलं होतं.”

भाग्यश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पाणी गार होतं, मॅडम. मीच होऊ दिलं.”

“का?”

मग मात्र तिला रडू आवरेना. याच टेबलावर काम करणारा तिचा नवरा गोरक्ष वारला, तेव्हा त्याच्या जागी ती लागली. घरी सासू, कुसाबाई. तिला दिसत नाही, आणि मुलगा गेल्याचं कितीदा सांगितलं तरी लक्षात राहत नाही. संध्याकाळी सुनेच्या अंगाला झायलीनचा वास आला की म्हातारी खुलते, “गोरक्ष आला” म्हणते आणि चार घास खाते.

इरांनी विचारलं, “मग राहू दे का झायलीन?”

भाग्यश्रीने डोळे पुसले. “नको. तुम्ही सगळ्या रोज त्यातच श्वास घेता.” तिने स्वतः पाणी पुन्हा तापवलं. या वेळी काचपट्ट्या लख्ख निघाल्या.

झायलीनचे कॅन उचलून नेले त्या संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा कुसाबाई ताट पुढ्यात घेऊन वाट पाहत होती.

“कोण हाय?”

“मी, आत्या.”

“गोरक्ष नाय आला?”

रोज हो म्हणणारी भाग्यश्रीची जीभ आज खोटं बोलायला उचलेना. “नाही, आत्या. तो गेला. आता नाही यायचा.”

म्हातारीने चाचपडत तिचा पदर धरला, हुंगला, सोडून दिला. मग तिने आपलं ताट सुनेकडे सरकवलं.

“मंग तू जेव. तो असला की तू शेवटालाच जेवती.”