उजवी कूस

मोतीबाईला लकवा मारून आठ महिने झाले होते आणि तिच्या अंगावर अजून एकही जखम नव्हती. केळापूरजवळच्या त्या तांड्यात या गोष्टीचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. तिची सून रंजिता मात्र मनातल्या मनात रोज त्यात एकेक दिवस मिळवत होती. उपकेंद्रातली सिस्टर महिन्यातून एकदा यायची, म्हातारीला कुशीवर वळवून पाठ, कंबर, टाचा बघायची आणि म्हणायची, "लकव्याची मानसं महिना-दीड महिन्यात सडाले लागतात वो. ही पाठ त लहान लेकराची हाये."

रंजिता रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. शिकलेलं दुसरीकडे कुठे वापरायला मिळालं नाही, म्हणून तिनं ते सासूच्या खाटेवर वापरलं. जुन्या मऊ धोतरांच्या तिनं सात चादरी केल्या होत्या. खाली गादी, तिच्यावर मेणकापड, मेणकापडावर चादर. चादर रोज सकाळी बदलायची. ओली झाली की दिवसातून तीनदाही. काढलेली चादर आधी थंड पाण्यात, कारण गरम पाण्यानं डाग धाग्यात पक्का बसतो. मग सोडा टाकून उकळायची, तीन पाण्यांतून काढायची, म्हणजे साबण कातडीला चावत नाही. कडक उन्हात वाळवायची. घालताना एकही चुणी ठेवायची नाही. आणि दर दोन तासांनी म्हातारीची कूस बदलायची. पाणी दीडशे पावलांवरच्या हापशीवरून आणावं लागे.

मोतीबाईची उजवी बाजू पार गेली होती. त्या बाजूला चिमटा काढला तरी तिला कळत नसे. बोलणंही गेलं होतं. 'हां' आणि 'ना' एवढंच उरलं होतं, आणि डाव्या हाताची बोटं.

मार्गशीर्षात एका शुक्रवारी धनीबाई आली. ही मोतीबाईची धाकटी बहीण. दोन दिवसांनी, रविवारी, दोघींचा थोरला भाऊ उत्तमसिंग दहा-बारा माणसं घेऊन बहिणीला बघायला येणार होता. तो त्याच्या तांड्याचा नाईक. त्याच्या आधी घर नीटनेटकं करायला म्हणून धनीबाई आली होती, आणि आल्या आल्या तिची नजर दोरीवरच्या चादरींवर गेली.

"काहून वो रंजिता, बी.एस्सी. चादरा धुवायलेच केलती का?"

"मावशी, लघवी कापडात राह्यली का तिचा अमोनिया होते. त्यानं कातडं गळते."

"आमच्या मायनं आठ लेकरं वाढवली. तिले त कोनी अमोनिया सांगतला नाही."

सासरा खेमसिंग ओट्यावर तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "धनी, तू तिच्या नादी लागू नको. मले बी ते हातपाय धुतल्याबिगर खाटीवर बसू देत नाही."

"मंग चादरीसंगं तुमाले बी धुवून काढते म्हना, भावजी."

सगळे हसले. मोतीबाईसुद्धा अर्ध्या तोंडानं हसली.

त्याच संध्याकाळी धनीबाईनं लोखंडी पेटी उघडली आणि झूल बाहेर काढली. लग्नाच्या आधीच्या वर्षी मोतीबाईनं ती स्वतः शिवली होती. लाल कापडाचे सहा पदर, मधे आरसे, चारी काठांना कवड्यांच्या तीन-तीन ओळी. तांड्यात लग्न निघालं की देवाच्या बैलाच्या पाठीवर हीच झूल पडायची. चाळीस-बेचाळीस वर्षांत तिला पाणी लागलं नव्हतं, कारण धुतली असती तर लाल रंग सगळा उतरला असता.

"भाऊ येऊन राह्यला. त्यानं बह्यनीले फाटक्या धोतरावर पाह्याचं का?" धनीबाई म्हणाली. "हे टाक खाटीवर."

"मावशी, हे कधी धुतलीच नाही."

"देवाची वस्तू कोनी धुते का?"

रंजितानं सासूकडे पाहिलं. मोतीबाईचा डावा हात झुलीच्या काठावरून फिरत होता, एकेका कवडीवर थांबत होता. डोळे भरले होते.

"टाकू का, याडी?" तिनं विचारलं. तांड्यात आईला याडी म्हणत.

"हां," मोतीबाई म्हणाली. आणि पुन्हा, "हां. हां."

शनिवारी दिवसभर रंजितानं झूल उन्हात ठेवली. दर तासाला उलटली, काठीनं झोडपली, शिवणीशिवणीत नाक घालून वास घेतला. बुरशी नव्हती, कीड नव्हती, धूळ निघून गेली होती. तिनं मधोमध तळवा दाबून पाहिला. सहा पदर असल्यामुळे मऊ लागलं. मळाचं जे जे काही करता येण्यासारखं होतं ते तिनं केलं. तिचं सगळं लक्ष मळाकडे होतं.

झूल खाटेपेक्षा मोठी होती. दोन्ही काठ वर दिसावेत म्हणून धनीबाईनं ती दुमडून घातली, तेव्हा कवड्यांचा एक पट्टा खाटेच्या मधून आडवा आला. रंजितानं तो पाहिला. सुंदर दिसत होता.

रविवारी अकराच्या सुमारास जीप आली. रंजिताचा नवरा जीवन लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता; तो सकाळच्या एसटीनं आला होता. त्यानं आणि मावशीनं मोतीबाईला उशा लावून उजव्या अंगावर कललेलं बसवलं. डावा हात मोकळा राहिला पाहिजे होता, भावाचा हात धरायला. उत्तमसिंगनं झूल बघितली आणि खाटेजवळच खाली बसला. "मोती," तो म्हणाला, "हे तूनं शिवली तवा मी सुईत दोरा ओवून देत होतो. तुह्या नजरेले तवाच दोरा दिसत नव्हता." मोतीबाई हसली. तिच्या अंगात कितीतरी दिवसांनी जीव आल्यासारखा दिसत होता.

रंजिता पदर पुढे ओढून चुलीपाशी होती. चौदा माणसांचं मटण, भाकरी. एक वाजता कूस बदलायची वेळ झाली. हात पुसून ती दारापर्यंत आली. आत खाटेभोवती सगळे पुरुष बसले होते. धनीबाई उठून तिच्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मानसायसमोर कशी पलटवतं तिले? लुगडं सरकते. अन् तू सून, नाईकासमोर पुढं येतं? बस घडीभर."

रंजितानं जीवनकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. "थांब ना. मामा बोलून राह्यले."

तिला बोलता आलं असतं. दोन तास म्हणजे दोन तास, एवढं तरी म्हणता आलं असतं. ती परत तव्यापाशी गेली. तीन वाजता ती पुन्हा दाराशी आली. जेवणं झाली होती, कुणीतरी जुन्या तांड्याची गोष्ट सांगत होतं आणि मोतीबाई 'हां हां' करत होती. रंजिता आपणहून मागे फिरली.

साडेचारला जीप गेली. रंजितानं दार लोटलं, सासूला डाव्या कुशीवर घेतलं आणि लुगडं वर केलं.

उजव्या खुब्यावर कवड्या उमटल्या होत्या. सहा, एका ओळीत, प्रत्येकीच्या मधल्या फटीसकट. रंग जांभळट. तिनं एकीवर बोट दाबलं आणि उचललं. सिस्टरनं शिकवलं होतं: दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर भिण्यासारखं काही नाही. ते पांढरं पडलं नाही. तिनं दुसऱ्या खुणेवर दाबलं. मग तिसऱ्या. मग सहाव्या.

"दुखते का, याडी?"

"ना," मोतीबाई म्हणाली. ती अजून आनंदात होती.

तिसऱ्या दिवशी तिथे फोड आले. आठव्या दिवशी कातडी काळी पडली. सिस्टरनं काळं कापून काढलं, तेव्हा कळलं की वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत तळव्याएवढी आहे. कातडीच्या आधी आतलं मांस मरून गेलं होतं. रंजिता दिवसाला चार चादरी धुवायला लागली. पाणी दुप्पट आणलं, सोड्याचं माप काटेकोर ठेवलं, चादरी उन्हात कडक वाळवल्या. पण जखमेला चादरीशी काही देणंघेणं नव्हतं. ती तिच्या वाटेनं खोल जात राहिली. बाराव्या दिवशी घरात वास यायला लागला आणि मोतीबाईला ताप भरला.

धनीबाई पुन्हा आली. तिनं नाकाला पदर लावला, खाटेजवळ गेली आणि जखम पाहिली. मग म्हणाली, "हे सोड्यानं झालं. रोज रोज उकयलेल्या कपड्यानं म्हातारीचं कातडं खाऊन टाकलं."

"तू काय टाकते त्या पान्यात?" जीवननं विचारलं. तो सुट्टी टाकून आला होता.

"धुवायचा सोडा."

"किती?"

"मोजून टाकते."

"मोजून!" धनीबाई म्हणाली. "पाह्य, मोजून जाळलं माह्या बह्यनीले."

रंजितानं खरं कारण सांगितलं नाही. मोतीबाई डोळे उघडे ठेवून ऐकत होती, आणि झूल हा शब्द तिच्या कानावर पडला असता.

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरनं जखमेत चिमटा घातला. चिमट्याचं टोक आत कशावर तरी टकटक वाजलं. "हाड," तो नर्सला म्हणाला, आणि मग घरच्यांकडे वळला. "बाकी अंग एवढं स्वच्छ आहे, मग इथेच कसं झालं? किती वेळ एका कुशीवर ठेवलं होतं? खाली काय होतं?"

स्ट्रेचरवर मोतीबाई पुन्हा ऐकतच होती. धनीबाईनं रंजिताकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यावरून रंजिताला कळलं की मावशीला जखम पाहिली त्याच दिवशी समजलं होतं. सोड्याचं तिनं स्वतःलाच सांगितलं होतं.

"साडेपाच तास," रंजिता म्हणाली. "उजव्या अंगावर. खाली कवड्यांची झूल होती."

"कवड्यांची? कुणी घातली?"

"घरात मी होती. पलटवाची वेळ मले ठाऊक होती. म्या पलटवलं नाही."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. धनीबाई भिंतीला टेकली आणि आवाज न करता रडायला लागली. मोतीबाईनं डोळे मिटून घेतले. ते ऐकून मिटले की तापानं, हे रंजिताला कधीच कळलं नाही.

विष रक्तात गेलं होतं. आठवडाभर सलाइन आणि इंजेक्शनं चालली. मग डॉक्टरनं जीवनला बाजूला घेऊन, घरी न्या, असं सांगितलं.

धनीबाई तिच्या गावी परत गेली नाही. दर दोन तासांनी ती दुसऱ्या बाजूनं हात घालायची, रंजिता इकडून, आणि दोघी मिळून मोतीबाईला कुशीवर घ्यायच्या. उजव्या अंगावर आता ठेवायचं नव्हतं. डावी कूस आणि पाठ एवढंच. तिसऱ्या दिवशी धनीबाई आपणहून हापशीवर गेली आणि दोन घागरी घेऊन आली. "आधी थंड्यात ना?" तिनं विचारलं. रंजिता म्हणाली, "हो, आधी थंड्यात." त्यापलीकडे दोघी त्या रविवाराबद्दल बोलल्या नाहीत.

जीवन खाटेच्या पायथ्याशी बसून बघत होता. मोतीबाई आता 'हां-ना'सुद्धा म्हणत नव्हती. श्वास मधेच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. त्या सकाळी तिसऱ्यांदा चादर ओली झाली होती, आणि रंजिता ती काढून नवीन घालत होती, काठ ताणून, चुण्या काढत.

"बरी होईन का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग हे सारं कायले करून राह्यली?"

रंजितानं उशीखालचा कोपरा ताणला.

"ओल्यात मरू नये म्हनून," ती म्हणाली. "मावशी, धरा तिकून."