स्टिअरिंगवर बसणारं माणूस

"बायको शेजारी बसली होती माझी, भगवंत! स्टिअरिंग वळवतोय आणि गाडी वळतच नाही. बदलापूरच्या रस्त्यावर बांधावरून सरळ भातखाचरात गेलो. चिखल होता म्हणून वाचलो."

दिनानाथ सबनीस अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते. दोन माणसांची ही बिनछपराची विलायती स्पोर्ट्स गाडी त्यांनी जुनी घेतली होती आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव. आज ती चिखलाने माखून भगवंत मेकॅनिकच्या शेडमध्ये, खालून काम करायच्या खड्ड्यावर उभी होती. त्यांची बायको कुमुदिनी कपाळावरच्या टेंगळाला ओला रुमाल धरून बाकावर बसली होती.

भगवंत खड्ड्यात उतरला. पुढची चाकं वळवणारा स्टिअरिंगचा रॅक गेल्या आठवड्यात त्यानेच काढून, साफ करून परत बसवला होता. त्याने एका नटाला हात लावला. नट बोटाने फिरला. चेसिसवरच्या जुन्या रंगाचा पापुद्रा रॅक धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली राहून गेला होता. तो भुगा होऊन पडला आणि बोल्ट सैल झाला.

"बोल्टच खराब निघाला असेल," कुमुदिनी म्हणाली. "कॅम्पातल्या स्पेअरपार्टच्या दुकानात हल्ली काय वाटेल ते विकतात."

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"नाही, बाईसाहेब. बोल्ट चांगलाय. मीच तपासलं नाही."

"तपासलं नाही?" सबनीसांचा आवाज चढला. "इतकी वर्षं काय करतोयस मग?"

"स्टिअरिंगवर एक माणूस लागतं, साहेब. ते वर फिरवतं, मी खालून जोडावर बोटं ठेवून बघतो, रॅक हलतोय का. नुसता पाना घट्ट लागला म्हणून भागत नाही."

"मग घ्यायचं होतंस एखादं माणूस!"

भगवंत फडक्याला हात पुसत राहिला. हात पुसून झाले तरी पुसत राहिला.

"घरची बसायची," तो म्हणाला.

शेडच्या मागेच भगवंताची खोली. हाक मारली की त्याची बायको उमा तव्यावरची भाकरी उतरवून यायची, पदराला हात पुसून स्टिअरिंगवर बसायची. तरी स्टिअरिंगला पीठ लागायचंच. समोरचा चहावाला मधु ओरडायचा, "डायवरीणबाई, कल्याणला सोडता का?" "सोडते की. मागून ढकल तू," उमा म्हणायची. अकरा वर्षं असं चाललं. आषाढात सहा दिवसांच्या तापात ती गेली.

गेल्या आठवड्यात मधु आपणहून आला होता. "मी बसू का, भगवंतदादा?" भगवंताने नको म्हटलं. त्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं त्याला बघवलं नसतं. त्याने नट जोर लावून आवळले आणि गाडी देऊन टाकली.

कुमुदिनीने रुमाल कपाळावरून काढून मांडीवर ठेवला.

भगवंताने रॅक उतरवला. पट्टी आणि चेसिस लोखंड चमकेपर्यंत खरवडलं. नवे स्प्रिंग वॉशर घातले. दोन्ही नट एकदम नाही, थोडा हा, थोडा तो, असे आवळत आणले आणि शेवटी त्यांच्यात पिना वाकवल्या. यात दोन तास गेले.

"बसा, साहेब."

सबनीसांनी बसल्या बसल्या स्टिअरिंगला हिसका दिला.

"हळू, साहेब. बोटं आहेत माझी इथं."

"उठा तुम्ही," कुमुदिनी म्हणाली. "घड्याळाला किल्ली देताना दोनदा स्प्रिंग तोडलीय यांनी. मी बसते."

सबनीस मुकाट्याने उतरले. दार लागल्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा.

"कुठे फिरवू?"

"डावीकडे. आता उजवीकडे."

टायर फरशीवर घासले. खालून स्टिअरिंगवरचं माणूस दिसत नव्हतं, नुसत्या बांगड्या ऐकू येत होत्या. भगवंताने दोन बोटं रॅकच्या आणि चेसिसच्या जोडावर ठेवली होती. जोर सगळा चाकांकडे गेला. जोड केसभरही हलला नाही. पहिल्याच फेरीत त्याला ते कळलं.

"झालं का हो?" वरून कुमुदिनीने विचारलं.

भगवंताची बोटं जोडावर तशीच होती.

"अजून एकदा," तो म्हणाला.