शेजारचा चौक उलटा फिरतो

मी एक कागद बोलतोय. माझ्यावर कुणी एक अक्षरही लिहिलेलं नाही, तरी मला कोरा म्हणू नका. माझ्या अंगावर शेकडो घड्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक घडी मला आठवते. कागदाचा स्वभावच तसा. शाई पुसता येते, घडी नाही.

माझा जन्म चिंध्यांतून झाला. कुणी शर्टाची बाही होती, कुणी उशीचा अभ्रा, कुणी नुसतीच शिंप्याच्या टेबलाखाली पडलेली कातरण. आम्हाला भिजवलं, कुटलं, लगदा करून जाळीवर पसरलं, वाळवलं. माझ्यातला चिवटपणा त्या सुताचा. ठिसूळ कागद तिसऱ्याच घडीला मान टाकतो. मी टाकत नाही.

दुकानात माझी सुरळी बराच काळ कोपऱ्यात उभी होती. एके दिवशी एका मुलीने मला विकत घेतलं. दूर देशात शिकून ती नुकतीच परत आली होती, आणि आल्या आल्या सगळ्यांच्या हाताला काहीतरी काम द्यायचंच असा तिचा निश्चय दिसत होता. मला काखेत मारून ती थेट आपल्या काकूच्या दुकानात शिरली.

ते कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. वाफ, साबणाचा वास आणि भिंतभर टांगलेले सुती शर्ट! मला तर नातेवाइकांच्या घरी आल्यासारखं वाटलं.

दुकान काकूंचं. काका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक टेबल होतं, तिथे ते दिवसभर बसायचे आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना स्कूटर कशी लावायची ते शिकवायचे. "डावीकडे घ्या. अजून. बस, बस!" गिऱ्हाईक वैतागायचं, काकू ओशाळायच्या. बाकी काकांनी करून पाहिलं नाही असं काही नव्हतं, आणि पूर्ण केलं असंही काही नव्हतं. माउथ ऑर्गन एका गाण्याच्या अर्ध्यावर थांबला होता. माशांच्या टाकीत मासे कधी आलेच नाहीत. काकू तिच्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवायच्या.

मी पोचलो तेव्हा त्या कोपऱ्यावरूनच बोलणं चाललं होतं.

"महिनाअखेरीला सुतार येतोय," काकू म्हणाल्या. "तिथे कपड्यांचा रॅक बसवते."

"आणि मी कुठे बसू?"

"घरी बसा. टीव्ही आहे की."

काका टेबलावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले, समोर स्टिअरिंग असल्यासारखे. त्या हातांकडे बघून मुलीने मला टेबलावर पसरलं.

"काका, याची नक्षी करायची. कापायचं नाही, चिकटवायचं नाही. फक्त घड्या."

"एवढं लांब जाऊन शिकलीस, ते कागदाच्या घड्या घालायला?" काकू हसल्या. "अगं, घड्याच घालायच्या तर माझ्याकडे ढीग पडलाय कपड्यांचा!"

"काकू, हे पूर्ण झालं तर कोपरा काकांचा. कबूल?"

"पूर्ण?" काकूंनी टाकीतल्या चिमट्यांकडे एक नजर टाकली. "कबूल. सुतार यायच्या आत. नाहीतर रॅक."

मुलीने माझ्या एका कोपऱ्यावर करून दाखवलं. चार बाजूंनी चार चुण्या एका छोट्या चौकोनापाशी येतात. तो चौकोन चिमटीत धरून अलगद फिरवायचा, की चुण्या एकमेकींना वाट देत सपाट होतात. असे चौकोन कागदभर.

"हा तर चौक आहे!" काका म्हणाले. "चार रस्ते, मध्ये वळसा."

"तसंच समजा," असं म्हणून ती आपल्या कामाच्या गावी निघून गेली.

पण नक्षी नंतर. आधी माझ्यावर आडव्याउभ्या चौकटी पाडायच्या होत्या. अर्ध्यात दुमडायचं, उलगडायचं, त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. किती दुपारी तेच चाललं होतं. रोज संध्याकाळी काकू डोकावायच्या आणि म्हणायच्या, "अजून काही दिसत नाही हो." खरंच काही दिसत नव्हतं. आधी चित्र दिसलं तरच काम करायचं, अशी तुम्हा माणसांना सवय असते. पण या छंदात आधी नुसता धीर दुमडावा लागतो. मी मात्र बदल बघत होतो. काकांचं नख माझ्यावरून सरळ रेषेत जाऊ लागलं होतं. स्कूटरवाल्यांना उपदेश करायचं ते विसरले होते. एकदा तर दुमडता दुमडता गुणगुणले, तेच अर्ध्यावर थांबलेलं गाणं.

मग चौकांची वेळ आली. पहिला झकास फिरला. काकांनी दुसरा त्याच बाजूला फिरवला, आणि मधली चुणी फुगून वर आली. त्यांनी उलगडलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा फुगवटा. तिसऱ्यांदा तर पहिला चौकही सुटला.

"नियम म्हणजे नियम," ते मला बजावायचे. "प्रत्येक चौकात वळसा एकाच बाजूने घ्यायचा." आयुष्यभर त्यांनी तसाच घेतला होता. माझ्या अंगावर काय चुकतंय ते मला कळत होतं, पण कागदाला सांगता कुठे येतं!

मुलीचा फोन आला. "अडलंय का काका? सांगू?"

"काही नको. गाडी चालवताना मी कधी कुणाला रस्ता विचारला नाही."

हे मात्र खरं होतं. त्यापायी एकदा अख्खी बस भलत्याच गावाला नेली होती, असं काकूंनी आतून ऐकवलं.

शेवटी एका सकाळी काकांनी मला गुंडाळलं आणि माशांच्या टाकीत चिमट्यांवर ठेवून दिलं. "सुताराला ये म्हण," ते म्हणाले. मला वाटलं, काकूंना आता बरं वाटेल. त्या "बरं" म्हणाल्याही. पण एकाच शर्टाच्या एकाच कॉलरवर कितीतरी वेळ इस्त्री फिरवत राहिल्या.

सुतार दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्याच दुपारी कपडे पिळायचं यंत्र बंद पडलं, आणि आत एका दवाखान्याचे जाड पडदे ओलेच राहिले.

"अहो, जरा हात लावा," काकूंनी हाक मारली.

मागचं दार उघडं होतं. टाकीच्या काचेतून मला सगळं दिसत होतं. दोघं समोरासमोर उभी राहिली, पडद्याची दोन टोकं दोघांच्या हातांत. काकूंनी आपलं टोक फिरवलं. काकांनीही फिरवलं. अख्खा पडदा नुसताच गोल गोल फिरला. पाण्याचा एक थेंब पडेना.

"अहो, माझ्याबरोबर काय फिरवताय? माझ्या उलट फिरवा!"

"उलट कशाला?"

"मग पाणी कसं निघेल? दोघं एकाच बाजूला फिरलो तर पडदा बसेल आपल्याबरोबर फेऱ्या मारत!"

काकांनी उलट फिरवलं. पडदा ताठ झाला आणि पाणी धो धो त्यांच्या बुटांवर पडलं. काका बघतच राहिले. एकदा आपल्या टोकाकडे, एकदा काकूंच्या टोकाकडे, एकदा मधल्या ताणाकडे.

"शेजारचा चौक उलटा फिरतो," ते पुटपुटले.

"काय?"

"अगं, शेजारचा चौक उलटा!" पडदा सोडून, शर्टाला हात पुसत ते धावले.

"अहो, पडदा! गेला ना मातीत!"

मी टाकीतून बाहेर आलो, टेबलावर पसरलो. पहिला चौक उजवीकडे, शेजारचा डावीकडे. मधली चुणी काही कुरकुर न करता सपाट झोपली. त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू? इतके दिवस अवघडून बसलेल्या माणसाला पाय पसरायला मिळावेत, तसं. तिसरा उजवीकडे, चौथा डावीकडे. पण एक फिरवला की मागचा सुटू बघायचा.

"अगं, इथे बोट ठेव!"

"माझे हात ओले आहेत."

"पूस मग!"

काकूंनी हात पुसले, बोट ठेवलं, मग दुसरं ठेवलं. बोटं संपली तेव्हा टाकीतले चिमटे आणून एकेका चौकाला लावू लागल्या. गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहिली, तर त्यांना म्हणाल्या, "थोडं थांबा, आमचं काम चाललंय." आमचं! मी ऐकलं.

शेवटचा चौक फिरला आणि मी सगळा एकदम आत ओढला गेलो.

"अगंबाई, एवढासा झाला!" काकू म्हणाल्या. मग माझ्यावर पातळ कापड घालून त्यांनी मंद इस्त्री फिरवली, स्वतःच्या घरचा शर्ट असावा तशी.

सकाळी सुतार फळ्या घेऊन आला. काकूंनी त्याला दारातच अडवलं. "इथे नको. रॅक त्या भिंतीला लावा."

"ताई, माप तर या कोपऱ्याचं घेतलंय."

"मग नवीन घ्या. या कोपऱ्यात आमचे हे बसतात."

काकांनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान मात्र लाल झाले.

आता मी त्याच खिडकीत टांगलेला आहे. सकाळचं ऊन माझ्यातून येतं तेव्हा एकपदरी जागा उजळतात, चुण्यांच्या गडद होतात, आणि समोर टेबलावर चौकांची नक्षी पडते. तिथे काका दुसऱ्या कागदावर चौकटी पाडत असतात. काकू "मला नाही बाई वेळ" म्हणतात आणि इस्त्री तापेपर्यंत एखादी घडी घालून जातात. वाफेने माझ्या कडा जराशा पिवळ्या पडल्यात. चालायचंच. मी सुखात आहे.

तुमच्या घरातही एखादा कागद पडलेला असेल, आणि एखादे रिकामे हातही. त्यांची गाठ घालून द्या. पहिले काही दिवस काहीच दिसणार नाही, तरी दुमडत राहा. आणि चुणी फुगून वर आली तर कागदाला बोल लावू नका. जवळच कुणीतरी पडद्याचं दुसरं टोक धरून उभं असेल. आधी त्या माणसाच्या हाकेला ओ द्या.