तीन कोपरे धड, एक चेपलेला

माझा एक कोपरा चेपलेला आहे, मित्रांनो. झाकून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून आधी तेच सांगितलं. मी तांब्याचा ठसा. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, पेकालोंगानच्या एका कारखान्यात मला वितळलेल्या मेणात बुडवतात आणि कापडावर टेकवतात. मेण लागतं तिथे रंग चढत नाही, म्हणून मी जे रेखतो ते शेवटी पांढरं उमटतं.

मला मांगून नावाच्या कारागिरानं घडवलं. आकडेमोड त्याला फारशी येत नव्हती. एक खिळा आणि एक दोरा, एवढ्यावर त्याचं सारं गणित. खिळ्याभोवती दोरा फिरवून त्यानं वर्तुळं काढली, एकात एक गुंतवली. दोन वर्तुळं एकमेकांवरून गेली तिथे पाकळी झाली. त्या रेघांवर तांब्याच्या पट्ट्या वाकवून उभ्या केल्या, कथलाचा डाग दिला. माझ्या चारी कडांवर पाकळ्या अर्ध्याच आहेत. उरलेली अर्धी शेजारच्या छापातून यायची. प्रत्येक कडेला दोरा लावून, दुमडून तो तिचा मध्य काढी आणि मध्यापासून डावीकडे जे आहे तेच उजवीकडे आहे ना, हे दहादा तपासी.

त्याची लेक तार्सी शेजारी बसून विचारी, "बाबा, एवढं कशाला? कोण बघतंय?"

"कापड बघतं, पोरी. आपण विसरतो. कापड तीच चूक प्रत्येक ओळीत पुन्हा सांगतं."

मी त्याचा शेवटचा ठसा ठरलो.

पुढे वीस वर्षं मी सुकीरकाकाच्या हातात राबलो. पाच छाप आडवे, बारा उभे, की एक कापड पुरं. "याला डोळे आहेत, मी नुसता हात देतो," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. तेव्हा माझं तांबं जरा जास्तच चमकत असावं.

तार्सी त्याच कारखान्यात कापड उकळून मेण उतरवायचं काम करी. एका दुपारी मला धुऊन नेताना तिच्या ओल्या हातांतून मी निसटलो आणि सिमेंटवर आपटलो. कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा आत गेला, त्याच्या दोन्ही कडा तिरप्या झाल्या. एवढंच. पण माझ्या कामात एवढंच पुष्कळ असतं. कडेला कड लावत गेलं तर ओळ वाकत वाकत कापडाबाहेर निघे. ओळ सरळ धरली तर छापाछापात फट पडे.

मालकीण रात्मीमावशीनं तांबटाला बोलावलं. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं. "ठोकून सरळ करायला गेलो तर सगळे डाग सुटतील. वितळवू. शनिवारी येऊन घेऊन जातो."

तार्सी पुढे आली. "मावशी, शनिवारपर्यंत दम धरा. याच ठशाचं मी अखंड कापड काढून दाखवते."

"तू?" सुकीरकाका हसला. "बाईच्या हातात ठसा? मग मी घरी जाऊन भात शिजवतो."

"शिजवा की. मीठ तेवढं बेतानं घाला, काका."

रात्मीमावशी म्हणाली, "एक फट दिसली तरी ठसा तांबटाचा."

त्या दिवसापासून तार्सीची जेवणाची सुट्टी माझी झाली. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांवर मला ठेवून तिनं माझ्या कडा गिरवल्या, तसे वीसेक तुकडे कापले आणि ते फरशीवर मांडून बघू लागली. सोमवारी फट. मंगळवारी फट. बुधवारी सुकीरकाका डोकावला.

"जमलं?"

"नाही."

"मग?"

"मग उद्या."

गुरुवारी तिनं माझ्या तिरप्या कडेला दोरा लावला. बापाची सवय बोटांत उतरली होती. दोरा दुमडून मध्यावर नखानं खूण केली आणि ती थबकली. कड तिरपी झाली होती, पण मध्यापासून डावीकडे जे होतं तेच अजून उजवीकडे होतं. तिनं दोन तुकडे घेतले, खुणेवर बोट ठेवलं आणि एक तुकडा अर्धा फिरवला. खालची बाजू वर, वरची खाली. कड कडेवर जाऊन बसली. तिसरा तुकडा सुलटा, चौथा पुन्हा फिरवलेला. चौघे भेटले तिथे चार वेगळे कोपरे एका बिंदूवर आले: तीन धड, एक चेपलेला. मधून सुईसुद्धा गेली नसती.

शुक्रवारी तिनं मला मेणात बुडवलं. छाप, अर्धं वळण, छाप, अर्धं वळण. ओठांत पुटपुटत होती:

एक वळण माझं, एक वळण तुझं,
कोपऱ्याला कोपरा, उतरलं ओझं.

शनिवारी तांबट दारात हजर. निळीतून निघालेलं, उकळून धुतलेलं कापड रात्मीमावशीनं उन्हात धरलं आणि फट शोधू लागली. बराच वेळ शोधत राहिली. फट नव्हती. ओळी मात्र किंचित डुलत होत्या, ओहोटीनंतर वाळूवर पाण्याच्या रेघा राहतात तशा.

सुकीरकाकानं एका ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "मला वीस वर्षांत हे सुचलं नाही," तो म्हणाला. मग तार्सीकडे न बघता, "सोमवारी तूच मार ठसे. भात मला खरंच बरा जमतो."

तांबट रिकाम्या हातानं गेला.

पुढे एक तरुण कारागीर आला. नव्या पद्धतीनं डाग न सोडता कोपरा सरळ करून देतो म्हणाला. तार्सीनं मला ओढणीआड घेतलं. "हात लावू नका. सरळ ठसे गावात शंभर आहेत."

आता छपाईची यंत्रं आली आहेत आणि मी बहुतेक दिवस खुंटीवरच असतो. तरी कारखाना बंद करताना तार्सी माझ्या त्या कोपऱ्यावर अंगठा टेकवून जाते. मित्रांनो, तुमच्याही हातून काही पडेल, चेपेल, तिरपं होईल. तांबट दारात येण्याआधी त्याचा मध्य शोधा आणि त्याला एकदा अर्धं फिरवून बघा.