खुणांसकट

मी कृत्रिम पाय बनवतो, सत्तावीस वर्षं झाली. शरीर या विषयावर कुणी गोडगोड बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. चर्चमध्ये पहिल्यांदा गेलो तोही देवासाठी नव्हे, हातात मोजपट्टी घेऊन. हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा गैरसमज नको.

झालं असं, की एक निवृत्त मास्तरीणबाई माझ्याकडे आल्या. डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. चालता येईल की नाही याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. "मला गुडघे टेकता आले पाहिजेत," म्हणाल्या. त्यांच्या अँग्लिकन मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी वेदीपुढच्या कठड्याशी सगळे ओळीने गुडघे टेकतात, आणि पाळक भाकर नि प्याला घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. "उभ्याने घेतलं तरी चालतं, असं सगळे म्हणतात. मला नाही चालत." अशी हट्टी गिऱ्हाइकं मला आवडतात.

मी जाऊन पायरी मोजली, कठडा मोजला, गुडघ्याखालची उशी मोजली. उशी चार बोटं जाड, म्हणजे मागे चवड्याला तेवढी जागा. त्या मापाने पाय करून दिला आणि रविवारी मागच्या बाकावर बसून राहिलो. बाई झोकात खाली बसल्या आणि तिथेच अडकल्या. एवढ्या अनुभवी माणसाने रिकामी उशी मोजली होती! वजन पडताच ती दोन बोटांवर आली आणि रबरी पाऊल जमिनीला घट्ट टेकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाळकांनी शांतपणे प्याला पुढे नेला, आणि बाईंच्या एका बाजूचा न्हावी नि दुसऱ्या बाजूची परिचारिका यांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं, जणू तोही उपासनेचाच भाग. कुणी वळून पाहिलं नाही की कुणी हसलं नाही.

पाय मी चार दिवसांत दुरुस्त केला. तरी पुढच्या रविवारी गेलो, त्याच्या पुढच्याही. बायको म्हणाली, "अहो, तिथे अजून काय मोजायचं राहिलंय?"

काय सांगणार? तिथे भाकर घेण्याआधी सगळे मिळून, एका आवाजात, आपण चुकलो असं कबूल करतात. माझ्या कारखान्यात चूक कबूल करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, मीही त्यातच आलो. छापील प्रार्थना सुरुवातीला रटाळ वाटल्या. मग लक्षात आलं, ज्या दिवशी मनात चार शब्द उमटत नाहीत त्या दिवशीही त्या हाताशी असतात. सात महिने मी कठड्याशी छातीवर हात बांधून नुसता आशीर्वाद घेत होतो. मला भाकर हवी होती. त्यासाठी बिशपांच्या हातून दृढीकरण, म्हणजे डोक्यावर हात ठेवून मंडळीत पक्कं सामील करून घेण्याचा विधी, व्हायला हवा, आणि त्या आधी सगळ्यांसमोर मतांगीकार म्हणायला हवा, म्हणजे आपला कशाकशावर विश्वास आहे ते. तिथे माझं घोडं अडलं.

पाळक माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांच्या खोलीतल्या खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेवली तेव्हा कुठे मला बसायला जागा झाली.

"साहेब, बाकी सगळं घशाखाली उतरतं. मेलेली शरीरं उठतील, हे नाही उतरत. कोणतं शरीर? पाय असलेलं की नसलेलं?"

"काका, मला नाही माहीत."

"मग दर रविवारी छाती पुढे काढून म्हणता कसे?"

"दफनाच्या वेळी म्हणतो ना, तेव्हा मलाही जड जातं," ते म्हणाले. "बाकीचे म्हणत असतात म्हणून माझ्याच्यानं म्हणवतं."

तेव्हा मी त्यांना दादाचं सांगितलं. बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. दादाचा पाय यंत्रात गेला. मी एकोणीस वर्षांचा. आयुष्यातला पहिला पाय मी त्याच्यासाठी बनवला, लाकूड नि चामड्याचा. तो लाकडी पाय कातडीला घासायचा. मला वाईट वाटू नये म्हणून दादा तोच घालत राहिला. जखम चिघळली आणि दादा गेला. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे. मला ते कधीच पटलं नाही.

"नव्या कोऱ्या पायांनी उठला तर तो माझा दादा कसा? आणि त्याच जखमेसकट उठणार असेल, तर त्याला उठवायचं तरी कशाला? मी खोटं बोलून भाकर घेणार नाही साहेब. नसेल जमत तर राहू द्या."

खाली ठेवलेल्या पुस्तकांतलं बायबल उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "उठलेल्या ख्रिस्ताचे हात कसे होते, ते घरी वाचा. मी सांगितलं तर तुम्ही भांडाल."

खरं होतं. भांडलोच असतो.

सकाळी चहा घेताना वाचलं. तो शिष्य, ख्रिस्ताच्या जखमांत बोट घातल्याशिवाय तो उठला यावर विश्वास ठेवणार नाही म्हणणारा. आधीही वाचलं होतं, दर वेळी त्याचीच बाजू घेतली होती. या खेपेला हातांकडे पाहिलं. मरण हरवून आलेला माणूस, आणि खिळ्यांचे व्रण तसेच! बुजवलेले नाहीत, लपवलेले नाहीत. पण हात लावा म्हणतो, म्हणजे दुखत नाहीत. रोज अंगठ्याने मी लोकांचे व्रण चाचपतो. जखम वेगळी आणि भरलेल्या जखमेची खूण वेगळी, हे मला कुणी शिकवायला नको. दादा त्याच्या खुणेसकट उठेल, मला ओळखू येईल, आणि त्याला ठणका नसेल.

मी रडलो, सरळ हमसून रडलो. बायकोने कप बाजूला सरकवला. "रडा," म्हणाली, "उशीरच झालाय."

रविवारी बिशप आले. चर्च भरलेलं. मतांगीकार सुरू झाला आणि ते शरीरं उठण्याचं वाक्य जवळ यायला लागलं, तसा मला धीर धरवेना. सगळ्यांच्या आधीच मी ते मोठ्याने म्हणून मोकळा झालो, एकटाच, कारखान्यात हाक मारतो तशा आवाजात. बाकीचे चपापून थांबले. बिशपांनी मान वर केली. माझे कान तापले.

तेवढ्यात मागून मास्तरीणबाईंचा खणखणीत आवाज आला, "आम्ही मागे राहिलो. पुन्हा म्हणा!"

बिशप हसले आणि त्यांनी मान डोलावली. मी पुन्हा म्हटलं. या वेळी न्हाव्याने म्हटलं, परिचारिकेने म्हटलं, पाळकांनी म्हटलं, सगळ्या बाकांनी म्हटलं. खिडकीच्या काचा थरथरल्या, असं मी म्हणतो. बायको म्हणते, अतिशयोक्ती. मला त्या आवाजात दादा उभा राहिलेला दिसला. आनंदाने माझी छाती फुटायची बाकी होती.

बिशपांनी डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने कठड्याशी तळहातावर भाकर आली. एक अक्षर खोटं न बोलता मी ती खाल्ली.