खांद्यावरचा हात

"ओन्या, दादाच्या पावलात पाऊल टाक रे, बर्फात रुतशील!"

आई जाऊन वर्षं लोटली, पण वारा पडला की ओन्नीला ती हाक अजून ऐकू येई. अमेरिकेतल्या लोखंडाच्या खाणींच्या त्या गावात तो उर्होच्या, थोरल्या भावाच्या, पावलांमागूनच वाढला होता.

आता तो टपाल कचेरीत परांचीवर उभा होता. मंदीत सरकारने चित्रकारांना हाताला काम दिलं, त्यात ही भिंत त्याच्या वाट्याला आली. वॉशिंग्टनहून आराखडा मंजूर झाला, पण एक पाचर मारून: खाणकामगाराच्या खांद्यावर खाणीच्या साहेबाचा हात हवा. साहेब हसरा हवा. जमत नसेल तर भिंत दुसऱ्याला.

आणि चित्रातल्या कामगारासाठी नमुना म्हणून समोर उभा होता उर्हो. संपात पुढे होता म्हणून याच साहेबाने त्याला कायमचं घरी बसवलं होतं. त्याला ओन्नीने यातलं काही सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता भिंत खांद्यापर्यंत भरत आली.

सकाळी उर्होनेच चुना मळून तेवढ्या तुकड्यावर गिलावा केला होता. ओला आहे तोवरच तो रंग पिणार.

"उर्हो, सरकारी खर्चाने अमर होतोयस लेका!" पोस्टमास्तर हॅगर्टी खालून ओरडला. "नाक तेवढं आखूड काढायला सांग, दाराला अडेल."

"तुमचं टक्कल काढलं असतं मास्तर, पण एवढा पिवळा रंग सरकारला परवडेना!" उर्होने वरूनच टोला हाणला.

हॅगर्टी हसत आत गेला. उर्होने साखरेचा खडा दातांत धरला, वरून कॉफीचा घोट घेतला. त्याची नजर भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांवर होती. हात आखलेला होता. हाताचा धनी अजून कोऱ्या भिंतीत होता.

"सुलोचा ना रे हा हात?" तो हळूच म्हणाला. सुलो त्याचा खाणीतला जोडीदार, दरड कोसळली तेव्हा खालीच राहिलेला. "मी ओळखलंच. त्याच्या बायकोलाही सांगितलंय, रविवारी येऊन बघ म्हणून. करंगळी अर्धीच काढ हं, बाकीची यंत्रात गेली होती."

ओन्नीने गिलावा बोटाने दाबून पाहिला. ठसा जेमतेम उमटला. अर्धी करंगळी काढली तर भिंत जाणार होती, पुरी काढली तर दादा. मागे सरकावं तर परांचीची कड.

"काढ की रे, वाळतंय ते."

ओन्नीने कुंचला खाली ठेवला.

"दादा, तो हात सुलोचा नाही. साहेबाचा आहे. तू पहिल्यांदा इथे उभा राहिलास, तेव्हाच मला ठाऊक होतं."